छाछरो, तिहार आणि आमचं राजांगण

चवथीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे गोव्यात गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधतात तेव्हा घरातले पुरुष स्टुलावर चढलेले आणि आम्ही बायका खालून सुपारीचे घोस, तोरिंगं, कांगलां, घागऱ्यो असं एकेक वर देत असतो, आणि हात चालू तशी तोंडंही चालू, वर्षभराचं सगळं बोलणं त्या दोन तासांत होऊन जातं. यंदा विषय निघाला जयपूरचा, कारण जानेवारीत आम्ही तिकडे फिरून आलो होतो आणि मी मोबाईलवर फोटो दाखवत होते. तर चुलतबहिणीचा नवरा वरूनच म्हणाला, "जयपूरचे राजे म्हणजे तेच ना गे, सोनं लपवून ठेवलेले? ज्यांचा किल्ला सरकारने खणून काढला आणि ज्यांना तिहारला टाकलेलं?" सगळे हसले, मीही हसले खरं तर, आणि मग आमच्या लक्षात आलं की काका बाहेर सोप्यावर बसलेत आणि त्यांनी ते ऐकलंय.

काका हल्ली फार बोलत नाहीत. वय सत्त्याहत्तर, एका कानाने ऐकू येत नाही. पण ते तिथूनच म्हणाले, आणि मोठ्याने म्हणाले, "तो राजा जांव कोण जांव, फुडें तोच आसलो." राजा असो की कोणी असो, पुढे तोच होता. एवढंच. परत पेपरात डोकं घातलं. भाओजी गडबडले, त्यांना ते कशाबद्दल हे कळलंच नाही, आणि आमच्या घरात काकांसमोर "सोनं लपवलं" हे शब्द कोणी काढत नाही हे त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं.

त्या रात्रीपासून हे लिहायचं डोक्यात होतं. आज लिहितेय.

काका ज्याच्याबद्दल बोलले ते म्हणजे लेफ्टनंट कर्नल भवानी सिंह, १९७१ च्या युद्धातले महावीर चक्र विजेते, १० पॅरा कमांडोचे कमांडिंग ऑफिसर. आणि त्याच वेळी जयपूरचे महाराजही. परमवीर चक्रानंतर युद्धातल्या शौर्याचं सगळ्यात मोठं पदक ते हेच. आपल्याकडे कोणालाही विचारा, जयपूरचा खजिना माहीत असतो, गायत्री देवी माहीत असतात, पण सिंधमधलं छाछरो म्हणजे काय हे दहातल्या एकाला पण माहीत नसतं. मलाही काकांच्या घरात वाढले नसते तर माहीत झालं नसतं.

आधी घराण्याबद्दल, कारण ते सोडून पुढे जाताच येत नाही. २२ ऑक्टोबर १९३१ ला हा मुलगा जन्मला तेव्हा जयपूरच्या राजवाड्यात एवढी शॅम्पेन उघडली गेली म्हणतात की बाळाचं लाडाचं नावच 'बबल्स' पडलं आणि ते आयुष्यभर राहिलं, पुढे कर्नल झाला तरी ओळखीच्यांत बबल्सच. एवढा आनंद का, तर त्या गादीवर कित्येक पिढ्यांनंतर गादीवरच्या राजाच्या पोटी वारस आला होता, त्याआधी दत्तकावर दत्तक. त्याचे वडील, सवाई मानसिंह दुसरे, ते स्वतःच दत्तक, इसरदा नावाच्या ठिकाण्यातला, म्हणजे जहागिरीतला, मोरमुकुट सिंह नावाचा मुलगा. त्यांना दत्तक घेणारे माधोसिंह, यांना पासवानांपासून, म्हणजे लग्नाच्या नसलेल्या बायकांपासून, झालेली मुलं ढीगभर होती पण राण्यांपासून गादीला चालेल असा मुलगा नाही, त्यामुळे दत्तक कोणाला घ्यायचं यावरून दरबारात जे काही चाललं असेल त्याची कल्पनाच केलेली बरी. आपल्याकडे भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, घरांत दोन नारळीच्या बागांवरून तीन पिढ्या कोर्टात जातात, तिथे तर राज्य होतं.

हे माधोसिंह १९०२ मध्ये इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकाला गेले तेव्हा समुद्र ओलांडण्याचा दोष लागू नये म्हणून गंगाजल बरोबर घेऊन गेले, चांदीच्या अवाढव्य गंगाजळींतून. त्यातल्या दोन अजून जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये ठेवल्यात. मी समोर उभी राहिले तर त्या जवळजवळ माझ्याएवढ्या उंच, हजारो चांदीचे रुपये वितळवून केलेल्या, आणि चांदी इतकी गुळगुळीत की तिच्यात आमच्या अख्ख्या ग्रुपची लांबुडकी प्रतिबिंबं पडलेली. माझा पुतण्या म्हणाला, आत्या यात पोहता येईल. या श्रीमंतीत तो मुलगा वाढला. श्रीनगरला शाळा, मग डून स्कूल, मग इंग्लंडमध्ये हॅरो. वडील जगातल्या उत्तम पोलो खेळाडूंपैकी एक. हे काहीही लपवण्यासारखं नाही आणि मला लपवायचंही नाही.

वडिलांच्या तीन राण्या. पहिली जोधपूरची, तीच भवानी सिंहांची आई, दुसरी त्या पहिलीचीच भाची, आणि तिसरी १९४० मध्ये प्रेमात पडून केलेली कुचबिहारची गायत्री देवी. दोन राण्या असताना तिसरी, आणि तीही पडदा न पाळणारी, घोड्यावर बसणारी, शिकार करणारी, इंग्रजी शिकलेली. तेव्हा याच्यावरून केवढी चर्चा झाली असेल. पण मला मराठी वाचक म्हणून जास्त गंमत वाटते ती गायत्री देवींच्या आईची, कारण ती आपली, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मुलगी इंदिराराजे. तिचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेलं, दोन सगळ्यात मोठी मराठी संस्थानं जोडली जाणार, तयारी चाललेली, आणि १९११ च्या दिल्ली दरबारात हिने कुचबिहारचा धाकटा राजपुत्र जितेंद्र पाहिला आणि सरळ स्वतःच्या हाताने शिंद्यांना पत्र लिहून लग्न मोडलं. आईवडिलांना न सांगता! ग्वाल्हेरहून तार आली, राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय म्हणून, तेव्हा घरच्यांना कळलं. १९१३ मध्ये लंडनला जाऊन लग्न केलं तिने. आजही एखाद्या घरात साखरपुडा मोडला तर वर्षभर बोलणं चालतं, तेव्हा शंभर वर्षांपूर्वी बडोदा-ग्वाल्हेरमध्ये काय झालं असेल. मला तिचं कौतुकच वाटतं.

आता रक्ताच्या नात्याने इंदिराराजे भवानी सिंहांच्या कोणी नाहीत, सावत्र आईची आई. पण लोक असा हिशोब करत नाहीत. घराणं म्हटलं की सगळं एका पिशवीत, शॅम्पेन, तीन राण्या, मोडलेली लग्नं, हिरे, पोलो, आणि त्या पिशवीतून जो माणूस निघतो त्याच्या अंगाला तो वास लागलेलाच असतो, त्याने पुढे काहीही केलं तरी.

तर हा मुलगा १९५१ मध्ये सैन्यात गेला, सेकंड लेफ्टनंट, घोडदळाच्या परंपरेतल्या ३ कॅव्हलरीत. १९५४ मध्ये राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलात निवड. इथपर्यंत मला कोणी म्हणालं की राजाचा मुलगा म्हणून झालं, तर मी भांडणार नाही. उंच, देखणा, पोलो खेळणारा राजकुमार राष्ट्रपती भवनात शोभणारच, नावाचा फायदा झाला असेल. वाद तिथून पुढच्या गोष्टीचा आहे. तो तिथे शोभत बसला नाही. १९६३ मध्ये ५० पॅराशूट ब्रिगेडमध्ये गेला, म्हणजे विमानातून उड्या मारणाऱ्यांत.

ही ५० पॅरा म्हणजे आपलीच हो! १९ डिसेंबर १९६१ ला पणजीत जी पलटण शिरली ती हीच ब्रिगेड, ब्रिगेडियर सगत सिंहांची, आणि तिची एक तुकडी आमच्या फोंड्यावरून गेली, २ पॅरा, मराठा बटालियन. आजी सांगायची, चार दिवस कोणी घराबाहेर पडलं नव्हतं, पूल उडवल्याचे आवाज ऐकलेले, आणि मग रस्त्यावर जवान दिसले ते चक्क मराठीत पाणी मागत होते. तिने कळशीने पाणी ओतलं त्यांच्या ओंजळीत. आजी हे सांगताना दर वेळी ओंजळ करून दाखवायची. काका तेव्हा तेरा वर्षांचे, ते त्या जवानांच्या मागे मागे पार बाजारापर्यंत गेले आणि घरी येऊन मार खाल्ला, आणि मोठे झाल्यावर सैन्यात गेले त्याचं कारण विचारलं तर अजूनही हीच गोष्ट सांगतात.

भवानी सिंह त्या ब्रिगेडमध्ये आले ते गोवा मुक्तीनंतर दोन वर्षांनी, त्यामुळे ते गोव्यात लढले नाहीत. मग डेहराडूनच्या मिलिटरी अकादमीत अॅडज्युटंट, आणि मग १९६७ मध्ये ९ पॅरा कमांडोमधून वेगळी काढून नवीन १० पॅरा कमांडो उभी केली, वाळवंटासाठी, तिच्यात सेकंड इन कमांड, आणि १९६८ पासून कमांडिंग ऑफिसर. जून १९७० मध्ये वडील इंग्लंडमध्ये पोलो खेळता खेळता गेले आणि हा जयपूरच्या गादीवर आला. राजवाडे, किल्ले, जडजवाहीर, हॉटेल झालेला रामबाग पॅलेस, सगळं. तेव्हा तो पलटण सोडू शकला असता. कोणी काही म्हणालं नसतं, उलट घरच्यांना बरंच वाटलं असतं, चाळीशीला आलेला माणूस, घर सांभाळायचं. त्याने पलटण सोडली नाही. मला या एका गोष्टीवर थांबावंसं वाटतं, कारण पदकाबिदकाची गोष्ट नंतरची, युद्ध होणार की नाही हे पण तेव्हा माहीत नव्हतं.

मग १९७१. काका सिग्नल्समध्ये, म्हणजे सैन्याच्या संदेश पाठवणाऱ्या विभागात होते, राजस्थानात बाडमेरला. बाडमेरबद्दल ते फार सांगत नाहीत, थंडी सांगतात. गोव्याच्या माणसाला वाटतं वाळवंट म्हणजे ऊन, पण डिसेंबरच्या रात्री तिकडे हात असे होतात की मोर्स की धरवत नाही. आणि वाळू. तोंडात, सेटमध्ये, जेवणात, सगळीकडे. ते म्हणतात, वायरलेस सेटची बटणं दिवसातून चार वेळा दाढीच्या ब्रशने साफ करायची. तो दाढीचा ब्रश अजून त्यांच्या कपाटात आहे, केस झडलेला, मी पाहिलाय.

१० पॅराने त्या आधी कित्येक महिने वाळवंटात सराव केला होता, जीप आणि जोंगा नावाच्या लष्करी गाड्यांवर मशीनगन बसवून, हेडलाइट न लावता, रात्रीची वाळूतली वाट ओळखत. युद्ध सुरू झाल्यावर हे लोक सीमा ओलांडून आत शिरले, साधं थोडंथोडकं नाही, सिंधमध्ये सुमारे ८० किलोमीटर आत छाछरो नावाचं गाव, तिथे पाकिस्तानी रेंजर्सचा तळ. म्हणजे फोंड्याहून निघून काणकोणच्याही पुढे जाण्याइतकं अंतर, पण रस्ता नाही, दिवा नाही, मागे रसद नाही, आणि सगळा मुलूख शत्रूचा. ७ डिसेंबरला छाछरो घेतलं. मग तिथे थांबले नाहीत, विरावाह, नगरपारकर. चार दिवस चार रात्री कमांडिंग ऑफिसर स्वतः पुढे, झोप नाही, आणि महावीर चक्राच्या मानपत्रात हेच लिहिलंय की स्वतःच्या सोयीची आणि जिवाची पर्वा न करता शत्रूच्या मुलखात खोलवर आपल्या माणसांचं नेतृत्व केलं आणि शत्रू गोंधळून कैदी आणि सामान मागे टाकून पळाला. आणि आपल्या बाजूचा एकही जवान न गमावता! काका ही गोष्ट सांगताना नेहमी इथे थांबतात. म्हणतात, पदक कशाचं रे, परत आणले ना सगळे, ते बघ.

बाडमेरकडे अजून एक गोष्ट सांगतात, की वाळवंटातल्या वाटा माहीत असलेल्या बलवंत सिंह बाखासर नावाच्या डाकूची मदत या कर्नलने घेतली, तो पोलिसांना हवा होता पण दोन्ही बाजूंचा टेकडान्‌टेकडा त्याला पाठ. युद्धानंतर त्याच्यावरचे गुन्हे मागे घेतले गेले असंही तिकडे सांगतात. काका म्हणतात, तेव्हा जवानांत ही बातमी पसरली होती आणि कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं. महाराज आणि डाकू एका जीपवर. मला ते दृश्य डोळ्यांसमोर येतं तेव्हा दोघांच्याही घराण्याबद्दल तिथे कोणी विचारलं नसेल याची खात्री वाटते.

युद्ध १७ डिसेंबरला थांबलं. आणि २८ डिसेंबर १९७१ ला, म्हणजे छाछरोनंतर बरोब्बर तीन आठवड्यांनी, घटनेची २६ वी दुरुस्ती लागू झाली, संस्थानिकांचे तनखे बंद, पदव्या रद्द. महाराज म्हणून सीमा ओलांडलेला माणूस महिना संपायच्या आत कायद्याने साधा नागरिक झाला. तनखे रद्द करणं बरोबरच होतं असं माझं मत आहे, लोकशाहीत कोणाला जन्मामुळे सरकारी पैसे मिळू नयेत. जिंकलेला मुलूखही सिमला करारानंतर परत दिला गेला. थोड्याच काळाने भवानी सिंह स्वेच्छेने सैन्यातून निवृत्त झाले.

आणि मग १९७५. फेब्रुवारीत आयकराच्या धाडी पडल्या, जयपूरचे राजवाडे, किल्ले, सगळीकडे. गायत्री देवी स्वतंत्र पक्षाच्या, १९६२ पासून तीनदा लोकसभेत निवडून आलेल्या, पहिल्यांदा तर विक्रमी मतांनी, आणि इंदिरा गांधींच्या कट्टर विरोधक. आणीबाणी लागली आणि ३० जुलैला गायत्री देवी आणि भवानी सिंह दोघांनाही अटक. कोफेपोसाखाली. परकीय चलन आणि तस्करीसाठी केलेला तो १९७४ चा कायदा, विनाचौकशी आत टाकता येणारा. निमित्त काय, तर थोडंसं परदेशी चलन जाहीर केलं नाही. साडेतीन वर्षांपूर्वी महावीर चक्र मिळवलेला माणूस तिहारमध्ये. गायत्री देवी साडेपाच महिने आत होत्या.

आणि १९७६ च्या जून महिन्यात जयगड किल्ल्यावर खोदकाम सुरू झालं. काबूलच्या मोहिमेतून अकबराचा सेनापती मानसिंह याने आणलेली लूट तिथे पुरलीय अशी जुनी दंतकथा, मीणा जमातीचे पहारेकरी ती राखतात आणि राजाला आयुष्यात एकदाच बघायला मिळते वगैरे. नोव्हेंबरपर्यंत खणलं. सैन्याचे इंजिनियर लावले खणायला. खजिना सापडला नाही असं सरकारनेच सांगितलं. त्यात मधे ऑगस्टमध्ये पाकिस्तानचे भुट्टो यांनी पत्र लिहिलं की फाळणीच्या हिशोबाने आमचा पण वाटा द्या, आणि डिसेंबरअखेर त्यांना उत्तर गेलं की काही मिळालेलंच नाही आणि मिळालं असतं तरी तुमचा हक्क नाही. आम्ही जयगडावर गेलो तेव्हा पाण्याच्या त्या प्रचंड टाक्याजवळ उभे राहिलो होतो, आणि आजूबाजूच्या पंधरा-वीस पर्यटकांत एकच विषय, इथेच होतं सोनं, रात्रीतून ट्रक भरून नेलं, दिल्लीचा रस्ता बंद ठेवलेला. पन्नास वर्षं होत आली तरी. एका माणसानेसुद्धा छाछरो म्हटलं नाही. मी ऐकत होते आणि मला आमचं राजांगण, आमच्या घराच्या मधलं अंगण, दिसत होतं.

ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल, आणि हे मी पहिल्यांदाच असं उघड लिहितेय, काकांना विचारून लिहितेय.

आमचं घर गावात मोठं. चिऱ्याचं, मधे राजांगण, त्यात तुळशीवृंदावन, देवस्थानात महाजन म्हणून मान, थोडं भाट म्हणजे नारळीची बाग, थोडी शेतं, आमच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकारांची घरं. पोर्तुगीज असताना गोव्यात सोनं आणणं सोपं होतं आणि सीमेपलीकडे भारतात महाग, त्यामुळे बरेच जण त्यात पडले, आणि आमचे आजोबा पण पडले. मी त्यांना निर्दोष ठरवायला बसलेली नाही. त्यांनी केलं. मुक्तीनंतरही काही वर्षं केलं. घरातल्या बायकांना माहीत होतं, गावाला माहीत होतं, आणि गाव चतुर्थीला येऊन आमच्याकडे जेवून पण जायचं. १९७५ मध्ये आजोबांना कोफेपोसाखाली नेलं, सात महिने. आणि त्यानंतर सरकारी माणसं आली आणि त्यांनी घर शोधलं, जमीन ठोकून ठोकून पोकळ कुठे लागतं बघितलं, आणि शेवटी राजांगणातलं वृंदावन पाडलं. खाली सोनं असणार म्हणून. आजी म्हणे दाराच्या चौकटीला धरून उभी होती, रडली नाही, फक्त तुळस मुळासकट काढून द्या एवढं म्हणाली. त्यांनी दिली काढून. तिने ती डालड्याच्या डब्यात लावली. खाली लाल माती होती, अजून खाली चिरा. काही निघालं नाही.

त्याच महिन्यात काका रजेवर आले. युनिफॉर्ममध्येच आले, छातीवर रिबन होत्या, एक पश्चिमी स्टारची, ७१ ला पश्चिम सीमेवर होते त्यांना ती मिळाली. सरकारी कदंब बस नव्हती तेव्हा, खाजगी बसने फोंड्याला उतरले आणि तिथून चालत. रस्त्याने लोक बघत होते पण कोणी बोललं नाही, आणि एका दुकानापाशी कोणीतरी म्हणालं, सोन्याच्या घरचा शिपाई आला. काका घरी पोचले आणि राजांगणात खड्डा. बाबा सांगतात की काकांनी ट्रंक खाली ठेवली, शर्ट काढून खुंटीला लावला, रिबनसकट, आणि फावडं घेऊन संध्याकाळपर्यंत एकट्याने तो खड्डा बुजवला. कोणाला हात लावू दिला नाही. रजेचे उरलेले दिवस त्यांनी वृंदावन परत बांधण्यात घालवले. गवंडी नव्हते ते, त्यामुळे ते थोडं कलंडलेलं आहे, उत्तरेच्या बाजूला, आणि चुना एका कोपऱ्यात सारखा फुटतो, दर तुळशीच्या लग्नाआधी आम्ही तो लिंपतो.

पुढची कित्येक वर्षं काका गावात 'सोन्याच्या घरचे'. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, गावात परत आले, देवळाच्या कमिटीत हिशोब बघितले, कोणाच्या एका पैशाला हात लावला नाही, तरी एखाद्या भांडणात कोणीतरी म्हणणारच, तुमच्या वृंदावनाखाली काय होतं ते आम्हाला माहीत आहे. काही नव्हतं! पण ते कोण ऐकतो. नाही सापडलं म्हणजे आधीच हलवलं, असं लोकांचं गणित. जयगडलाही तेच.

म्हणून काका त्या कर्नलला आपला मानतात. कधी भेटले नाहीत, बोलले नाहीत, सेटवर त्यांच्या पलटणीचं नाव ऐकलं एवढाच काय तो संबंध. एक महाराज, एक सुभेदार, एवढा फरक. पण दोघांच्याही घरात त्याच वर्षी, त्याच कायद्याने, तीच कुदळ.

चतुर्थीला जेवणं झाल्यावर माझा भाचा, इंजिनियरिंगला आहे, तो म्हणाला की मावशी पण राजा होता म्हणून लोकांनी त्याला एवढं मोठं केलं, साध्या मेजरने हेच केलं असतं तर कोणी ओळखलं असतं का. प्रश्न चांगला आहे आणि मी त्याला झटकलं नाही. अर्धं खरं आहे त्याचं. साध्या घरातल्या किती जणांची नावं आपल्याला येत नाहीत, काकांच्याच सेक्शनमधले दोघं परत आले नाहीत त्यांची गावं कुठली हे पण काकांशिवाय कोणाला माहीत नाही. पण मी त्याला एवढंच म्हटलं, नाव मोठं होतं म्हणून ३ कॅव्हलरी मिळाली असेल, राष्ट्रपती भवन मिळालं असेल, हे मी तुला देते. छाछरोच्या वाटेवर वाळूत अडकलेली जीप नावाने निघत नाही. आणि घराण्याचे उपकार त्याच्या खात्यात मांडायचे असतील तर घराण्याची बदनामी पण त्याच्याच खात्यात मांडली गेली, ते पण बघ. तो म्हणाला बघतो. बहुतेक बघेल.

पुढचं आयुष्य थोडक्यात सांगते. १९८७ मध्ये श्रीलंकेत आपली शांतिसेना अडचणीत होती, १० पॅराचे जवान तिथे पडले होते, तेव्हा राजीव गांधींच्या विनंतीवरून भवानी सिंह आपल्या जुन्या पलटणीला धीर द्यायला तिकडे गेले. ज्या घराने तिहारला टाकलं त्याच घरातल्या माणसाच्या शब्दावर. त्यानंतर त्यांना ब्रिगेडियरचा मानद हुद्दा मिळाला. १९८९ मध्ये जयपूरमधून काँग्रेसतर्फे लोकसभेला उभे राहिले आणि पडले. ब्रुनेईत भारताचे हाय कमिशनर झाले. मुलगा नव्हता, मुलीच्या मुलाला दत्तक घेतलं, म्हणजे ते दत्तकाचं चक्र परत सुरू, आणि मालमत्तेचे खटले तर होतेच. १७ एप्रिल २०११ ला गेले. काकांनी दुसऱ्या दिवशी पेपरातली बातमी कापून देवघरातल्या पंचांगात ठेवली, ती अजून आहे, पिवळी पडलेली.

काल मी हे सगळं काकांना वाचून दाखवलं, चांगल्या कानाशी बसून. दोन ठिकाणी दुरुस्त्या केल्या त्यांनी. एक, मी 'रेडिओ' लिहिलं होतं, ते म्हणाले सेट लिही. दुसरी, मी लिहिलं होतं की खड्डा बुजवताना ते रडत होते, बाबांनी मला तसं सांगितलेलं. ते म्हणाले, ते काढ, घाम होता. मी काढलं.

आणि एक निरोप दिलाय त्यांनी. डिसेंबर १९७१ मध्ये बाडमेर भागात सिग्नल्समध्ये असलेलं, किंवा १० पॅरात असलेलं, गोव्यात किंवा सावंतवाडी-दोडामार्ग-बेळगावकडे कोणी असेल, किंवा त्यांच्या घरातलं कोणी हे वाचत असेल तर मला कळवा. काकांना प्रवास होत नाही पण बोलायला आवडेल. सकाळी दहाच्या आत, त्या वेळी त्यांना जरा बरं ऐकू येतं.